माय नागपूरला गेली

गावच्या शाळेत म्हाताऱ्या माणसांचा सत्कार ठेवला होता आणि पहिला मान माझ्या आईवडिलांचा होता. मी महिन्यातून एकदा नागपूरहून त्यांना भेटायला जाते, तशी त्या दिवशी गावी, सानगडीलाच होते. बाबांनी नव्वदी ओलांडली आहे, माय त्यांच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. भाऊ हैदराबादला, मी नागपूरला, आणि घरात ही दोघंच. कुणावर भार न टाकता राहतात, आपल्या हातानं रांधून खातात, तरुणांनी यांच्याकडून शिकावं, असं माइकवरून सांगितलं गेलं तेव्हा जोरात टाळ्या पडल्या. बाबा शाल सावरत उभे राहिले, त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. माय शेजारी उभी होती. तिचा एक हात बाबांच्या पाठीमागून त्यांच्या कमरेला होता. धोतराची गाठ घट्ट धरून तिनं त्यांना उभं ठेवलं होतं. समोर बसलेल्यांना तो हात दिसत नव्हता. मी बाजूच्या खुर्चीवर होते म्हणून मला दिसला.

घरी आल्यावर बाबा छपरीत खाटेवर बसले आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला बोलावून सत्काराची हकिगत सांगू लागले. मी आत गेले. माय स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. गॅस पेटवलेला नव्हता. सत्काराचा नारळ तिच्या मांडीत होता.

"तू कधी जातं?" तिनं विचारलं.

"उद्या सकाळी."

"मले घेऊन चाल."

"मी तं केव्हाची म्हणून राहिली, दोघंही चला म्हणून. बाबा आयकतात का?"

"दोघं नाई वं. मी एकटी."

मला वाटलं, तिला डॉक्टरला दाखवायचं असेल. तसं विचारलं, तर नाही म्हणाली. मग नारळ बाजूला ठेवत अगदी रोजच्या आवाजात म्हणाली, "माह्यानं आता होत नाई. लोक म्हणतात, दोघं आपलं आपलं करतात. त्यायचं मी करतो. माह्यं कोण करते?"

छपरीतून बाबांनी हाक मारली, "अवं!" माय आधी दोन्ही हातांवर आली, मग एक गुडघा टेकला, मग ओट्याची कड धरून उभी राहिली. मी आधार द्यायला पुढं होईपर्यंत ती दारातून बाहेर गेलीसुद्धा.

बाबांना पाणी हवं होतं. पाण्याचा तांब्या त्यांच्या खाटेखालीच होता.

माय काय म्हणत होती ते मला माहीत नव्हतं असं नाही. बाबांना अंधुक दिसतं. धोतर ती नेसवते, सदऱ्याच्या गुंड्या ती लावते, संडासाच्या दाराबाहेर ती उभी राहते कारण आतून कडी लावली तर त्यांना ती काढता येत नाही. ताटातल्या माशाचे काटे ती काढून देते. भात मऊ लागतो, पण फार मऊ नाही. परक्या बाईच्या हातचं ते खात नाहीत. आम्ही दोघा भावंडांनी मिळून स्वयंपाकाला बाई ठेवून पाहिली होती, तिला त्यांनी दुसऱ्याच दिवशी वाटेला लावलं. नागपूरला यायचं म्हटलं तर त्याचाही अनुभव घेऊन झाला होता. डोळ्याच्या ऑपरेशनला आले तेव्हा माझ्या हॉलमध्ये पिशवी मांडीवर घेऊन ते दाराकडं तोंड करून बसून राहत. पट्टी निघाली त्याच दिवशी परत गेले.

हे सगळं मी बघत आले होते. फक्त त्याला नाव दिलं नव्हतं. माय ते करते, आणि ती करते म्हणून आम्ही दोघं भावंडं आपापल्या घरी निवांत झोपतो, इतकं साधं होतं ते.

मी नवऱ्याला फोन केला. घरामागच्या वाडीत जाऊन, हळू आवाजात. तो ऐकून घेऊन म्हणाला, "घेऊन ये त्यांना."

"आणि बाबा?"

उत्तराची वाट न बघता मीच म्हणाले, "म्हणजे मला इथं राहावं लागेल."

"मग त्या इथं माझ्यासोबत राहतील? एकट्या?"

प्रश्न खरा होता. आमची मुलं बाहेरगावी. घरात आम्ही दोघंच. आणि माझ्या लग्नाला चाळीस वर्षं होत आली तरी माय जावयाशी समोरासमोर बोललेली नव्हती. तो दिसला की पदर डोक्यावर आणि जे सांगायचं ते मला किंवा भिंतीला. लेकीच्या घरी दोन दिवसांच्या वर राहायचं नाही हेही तिचं ठरलेलं. मला वाटलं, हे ऐकून ती माघार घेईल. खरं सांगायचं तर मला तशी आशा होती.

मी तिला सांगितलं, "तू जा, पण मंग मले इथं राहावं लागते. तिकडं जवाईच राहतील फक्त."

तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "त्यायले तिखट चालते ना?"

मायनं बाबांना डोळे तपासायला जाते असं सांगितलं. "डोळ्याले काय झालं? तुले तं चांगलं दिसते," ते म्हणाले आणि विषय संपला असं समजून पान खायला लागले. दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी दारात उभी राहिली, माय चांगलं लुगडं नेसली, तेव्हा ते खाटेवरून उठायला बघू लागले.

"कधी येतं?"

माय गाडीत बसत होती. म्हणाली, "पाहू."

हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. बाबांनीही नसावा. गाडी साकोलीच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली तरी ते काठीवर दोन्ही हात ठेवून तिकडंच तोंड करून उभे होते. मग म्हणाले, "पाहू म्हणजे काय वं?"

मी त्यांना खाटेवर बसवलं.

पहिले दोन-तीन दिवस मी उत्साहात होते. घर झाडून काढलं, जाळी काढली, मायच्या लुगड्यांच्या घड्या नीट लावल्या. नंतर हळूहळू दिवसाचा आकार माझ्या लक्षात आला. बाबांच्या हाका एकसारख्या असत असं नाही. कधी अर्धा तास शांतता, कधी लागोपाठ. त्यामुळं कोणतंही काम हातात घेताना ते अर्ध्यावर सोडावं लागेल असं धरूनच घ्यायचं. आंघोळ करताना पाणी बंद करून ऐकायचं. भाजी चिरताना विळी आडवी करून जायचं आणि परत आल्यावर ती कुठं ठेवली ते आठवायचं. हाक कशासाठी असेल याचा नेम नाही. गुंडी सुटली, माशी बसली, फाटक वाजलं का, कोण गेलं, आज भाजी कशाची. पुष्कळदा मी समोर जाऊन उभी राहिले की ते नुसते म्हणायचे, "आहे का? बरं."

आमच्या मागच्या वाडीच्या भिंतीवरून तलावाची पाळ, म्हणजे बांध, दिसतो. धान कापणीला आलं होतं. सकाळ-संध्याकाळ बाया पाळीवरून जाताना दिसायच्या, डोक्यावर काही, हातात काही, मोठ्यानं बोलत. लहानपणी मी दिवसभर त्या पाळीवर असायची. आता मला तिथवर जाऊन यायचं होतं. एवढंच, पाळीच्या टोकापर्यंत आणि परत. एका संध्याकाळी बाबांचा डोळा लागलेला पाहून मी चप्पल घालून निघाले. चौकात एक बाई शिंगाडे घेऊन बसली होती, ते घ्यायला थांबले तर शेजारची वहिनी मागून घाईघाईनं आली.

"ताई, तुमचे बाबा आवाज देऊन राहिले. खाली पाय सोडून बसले, उतरतात वाटते."

मी शिंगाडे तिथंच टाकून धावले. गुडघ्यात कळ आली. मीही साठी ओलांडलेली बाई आहे. घरी आले तेव्हा बाबा खाटेच्या कडेला बसून दोन्ही हातांनी खाटेची दोरी धरून होते आणि चेहरा पांढरा पडला होता. "कोठी गेली होती?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. मी कुठंच नाही म्हणाले.

त्यानंतर दुपारी झोपताना ते मला शेजारी बसायला सांगू लागले. "इथंच बस. मी झोपलो का जाजो." मी खाटेजवळ स्टुलावर बसायची. ते माझ्या पदराचं टोक दोन बोटांत धरून डोळे मिटायचे. श्वास जड झाला की मी हळूच पदर ओढून बघायची. बोटं आवळली जायची. मी पुन्हा बसायची. बाहेर ऊन, आत भिंतीवरचं घड्याळ, समोर मायची रिकामी खाट. तिथं बसून मला एकदा असं वाटलं की मी उठून गेले तर हे मरतील, आणि नाही गेले तर मी. मग तो विचार मनात आला याचीच भीती वाटली.

नागपूरहून रोज संध्याकाळी फोन यायचा. सुरुवातीला नवरा बोलायचा आणि शेजारी माय आहे हे तिच्या खोकण्यावरून कळायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी तिनं स्वतः फोन घेतला.

"आज तुह्या नवऱ्यानं पोहे केले. मीठ जास्त झालं, पण मी बोलली नाई."

"तू त्यायच्याशी बोलतं?"

"न बोलून काय करू? घरात दुसरं कोण आहे? टीव्ही कसा लावाचा ते त्यायलेच विचारा लागते." आणि ती हसली. मायचं हसणं मी कितीतरी दिवसांनी ऐकत होते.

नवरा नंतर मला म्हणाला, "त्या दुपारभर झोपतात. आधी मला वाटलं आजारी आहेत की काय. मग कळलं, ही मागची झोप आहे." सकाळी ती बाल्कनीत खुर्चीवर बसायची, चहा झाला तरी उठायची नाही. त्यानं विचारलं, इथं काय बघता एवढं? तर म्हणाली, काही नाही, इथं कुणी हाक मारत नाही.

हे ऐकून मला आनंद झाला. झालाच. पण त्याच फोनवर मी तिला विचारलं, "मंग कधी येतं?" माझा आवाज माझ्याच कानाला बाबांसारखा वाटला.

मी स्वयंपाकाला पुन्हा एक बाई बघितली. गावातलीच, ओळखीतली, हात स्वच्छ, चव चांगली. बाबांनी ताट हातानं चाचपलं, वास घेतला आणि बाजूला सारलं. "तू कर," मला म्हणाले. मी म्हटलं, मी करत नाही. दिवसभर ते उपाशी बसले. भांडले नाहीत, ओरडले नाहीत. रस्त्यानं जाणाऱ्यांशी नेहमीसारखं बोलत राहिले आणि ताटाला हात लावला नाही. सूर्य मावळायला आला तेव्हा मी गॅस पेटवला आणि भात टाकला. बाई दारात उभी राहून बघत होती. तिला मी उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

त्या भातानंतर बाबा मला म्हणाले, "तुह्या मायचे डोळे तं झाले ना दाखवून?"

"झाले."

"मंग?"

खरकटी ताटं माझ्या हातात होती. मी ती खाली ठेवली. "बाबा, ती थकली. तिले इतक्यात यायचं नाई."

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं चेहरा वळवला. "काहून? मी काय केलं?"

माझ्या बापानं माझ्या आईवर कधी हात उगारला नाही. दारूला शिवले नाहीत. तिच्या माहेरच्यांना कधी वाकडं बोलले नाहीत. गावात त्यांच्याविरुद्ध बोलणारा माणूस सापडणार नाही. त्यांच्याबद्दल तक्रार करायची म्हटली तर कुठून सुरुवात करायची?

"तुमी काईच नाई केलं, बाबा," मी म्हणाले.

"मंग?" ते पुन्हा म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाले, "तिले सांगजो, मी रागवलो नाई."

त्याच सुमारास भावानं सत्काराचा फोटो फेसबुकवर टाकला. खाली लिहिलं होतं, आमची प्रेरणा. हैदराबादच्या त्याच्या मित्रांनी, त्याच्या बायकोच्या माहेरच्यांनी, सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. मी त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो खूप वेळ ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "ताई, तू आहेस म्हणून बरं आहे." त्यात त्याचं काही खोटं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी वाडीत जाऊन उगीचच कोचईची, म्हणजे अळूची, पानं तोडत बसले. वड्या करायला एवढी लागत नाहीत, तरी तोडत राहिले.

मग एक दिवस दुपारीच नवऱ्याचा फोन आला. "त्यांनी पिशवी भरली आहे. आज आणून सोडता का विचारतात."

"तुम्ही काही बोललात का तिला?"

"मी कशाला बोलू? मी तर थांबा म्हणतोय."

मायनं फोन घेतला. मी म्हटलं, "राह ना अजून. घाई काय आहे?" म्हणताना मी ते पुरेशा जोरानं म्हणत नव्हते, हे मला कळत होतं. माझी नजर खुंटीवरच्या माझ्या कपड्यांकडं गेली होती.

"तुह्या आवाजावरूनच समजून राहिलं मले," ती म्हणाली. "मी सुटून इथं बसली अन् तू अडकून तिथं बसली. हे काय सुटणं झालं?"

ती दोघं संध्याकाळच्या आत आली. माय गाडीतून उतरली तेव्हा तिच्या पायात नवीन मऊ चपला होत्या. जावयानं घेऊन दिलेल्या. तिनं पदर डोक्यावर घेतला नाही. छपरीत येऊन ती बाबांच्या समोरच्या खाटेवर बसली. स्वयंपाकघराकडं गेली नाही.

बाबांनी काठी बाजूला ठेवली. "आली का?"

"आली."

"डोळे?"

"चांगले आहेत."

मग बाबांनी मान आतल्या बाजूला वळवली आणि मला हाक मारली, "अवं, तुह्या मायले चहा टाक. दमून आली."

माय माझ्याकडं बघून हसली. मला हसावं की रडावं ते कळेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्यासाठी त्यांनी चहा सांगितला होता, आणि तो करायला पुन्हा एक बाईच उठत होती. मी चहा टाकला. नवऱ्यानं कप धुतले.

चहा पिता पिता मायनं बाबांना सांगितलं की उद्यापासून बाई येईल, दोन्ही वेळचं करेल. "तुमाले नाई खायचं तं नका खाऊ. मी तिच्याच हातचं खाईन." बाबा म्हणाले, परकीच्या हातचं कसं काय. माय म्हणाली, "नागपूरले मी बाप्या माणसाच्या हातचं खाल्लं, जवायाच्या. काई झालं नाई मले." दुसऱ्या दिवशी बाईनं ताट वाढलं तेव्हा माय त्यांच्या शेजारी बसून जेवायला लागली. त्यांनी तिचं चावणं ऐकलं असावं. थोड्या वेळानं त्यांचाही हात ताटात गेला. भात कडक आहे, असं तेवढं म्हणाले.

दुसरी अट तिनं मला एकटीला सांगितली. महिन्यातले आठ-दहा दिवस ती नागपूरला राहणार, आणि तेवढे दिवस मी इथं. "तुले जमत असन तं," म्हणाली. जमत नसेल तर काय, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तेव्हापासून असं चाललं आहे. माझं भेटायला जाणं संपलं. आता मी पाळीवर जाते, कामावर जाणाऱ्या माणसाची पाळी असते तशी. नागपूरच्या माझ्या घरी मायचं कपाट आहे, तिची औषधं आहेत, आणि माझ्या नवऱ्याला ती आता तोंडावर सांगते की भाजीत तेल जास्त झालं. मी तिथं असते तेव्हा ती तिथं नसते. आम्हा मायलेकींची गाठ दारात पडते. एक उतरते, दुसरी बसते, मध्ये औषधांचं आणि दुधाचं काय ते सांगून होतं. गावातले लोक अजूनही म्हणतात, दोघं म्हातारे कसे छान राहतात. बाबाही म्हणतात. मी आता काही दुरुस्त करत नाही.

हे लिहितेय ते सानगडीच्या छपरीत बसून. धान कापून झालं आहे, बांधावर पेंढ्यांचे ढीग आहेत, मशीनचा आवाज लांबून येतो. बाई भाकरी करून गेली. बाबा उन्हात बसले आहेत. या खेपेचा आज माझा शेवटचा दिवस. सकाळीच मी पिशवी भरून ठेवली होती आणि माय यायची वाट बघत होते.

मघाशी तिचा फोन आला. शेजारच्या इमारतीत भजनाला बाया जमतात, तिला त्यांनी बोलावलं आहे. तिचा आवाज एखाद्या पोरीसारखा बिचकत होता.

"अजून चार दिवस राहू का वं?"

"राह," मी म्हटलं.

मग आत जाऊन पिशवीतली साडी परत काढली आणि दोरीवर टाकली.